शंभू कोणाकडे बघून हसला

“हसला! शंभू हसला!”

मांडवात एकच गलका झाला. मागच्या बायका गुडघ्यांवर उठल्या, पुढच्या बायका मागे सरकल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढलेल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. लाउडस्पीकरजवळ बसलेल्या माणसाने घंटा बडवायला सुरुवात केली आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनी बसल्या जागी हात जोडले.

शंभू म्हणजे वळू. खोटं कशाला सांगू, जनावर देखणं होतं. अस्सल गवळाऊ जातीचं, पांढरंशुभ्र, वशिंड टचटचीत, शिंगांना शेंदूर. मारुतीच्या पारासमोर बायका दोन रांगांत मांडी घालून बसल्या होत्या. प्रत्येकीच्या पदरात ओटी भरलेली, तांदूळ, नारळ आणि हिरवा खण. त्या दोन रांगांमधून शंभू एकटाच चालत आला. कासरा त्याच्याच मानेवर टाकलेला, कोणाच्या हातात नाही. ना त्याने तांदळाला तोंड लावलं, ना कोणाकडे ढुंकून पाहिलं. अर्ध्या रांगेवर तो थबकला. एका बाईच्या पदराशी नाक नेऊन त्याने हुंगलं, मान वर ताणली, वरचा ओठ उलटा दुमडला आणि डोळे अर्धवट मिटून तसाच उभा राहिला.

गुरांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात हे त्या मांडवातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं. तरी माझ्या शेजारचा गडी म्हणाला, “बत्तीसच्या बत्तीस दाखोले गा!”

ती बाई म्हणजे पौर्णिमा. महादेवरावांची सून.

“मी काहीच बोललो नाही हं,” पारावरच्या गादीवरून गोठेबाबा माइकमध्ये बोलले. “मी कोण बोलणारा? माणूस खोटं बोलेल, कोर्ट खोटं बोलेल, तुमची ती सोनोग्राफीची मशीनसुद्धा खोटं बोलेल. पण नंदीच्या कुळातला जीव खोटं बोलत नाही! त्याला ऊर्जा दिसते, ऊर्जा! ज्या बाईच्या कुशीत अंधार, तिची सावली गोठ्यावर पडते आणि गाईची कूस बंद होते. हे सायन्स आहे. अमेरिकेत मोठमोठे लोक यावर अभ्यास करून राहिले!”

अमेरिका बिचारी. आपल्याकडच्या प्रत्येक बाबाचं ओझं तिच्याच डोक्यावर.

पौर्णिमा रडली नाही. पदरातली ओटी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती आणि ती समोर जमिनीकडे पाहत होती. शंभू ज्या बाईकडे बघून हसेल तिने बाबांच्या मठात गोसेवेला जायचं, सोबत घरची एक दुभती गाय न्यायची, हे आधीच ठरलं होतं. किती दिवस? शाप फिटेपर्यंत. शाप फिटला हे कोण सांगणार? बाबा. देवळाच्या मागे त्यांची जीप उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर पौर्णिमाच्या कपड्यांची बॅग ठेवलेली मी येताना पाहिली होती. निकाल लागायच्या आधीच कोणीतरी ती नेऊन ठेवली होती.

गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातलं आहे एवढं पुरे. नाव सांगितलं की बाकीची गावं सुटकेचा श्वास सोडतात.

मी नीलम वानखडे, या भागातली जनावरांची डॉक्टर. गाय अडली, म्हैस फुगली, शेळी लंगडली की माझा फोन वाजतो. गाई माजावर आल्या की कृत्रिम रेतनही मीच करते. पौर्णिमा माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आली ती एका धडधाकट शेळीला घेऊन. शेळीला काही झालेलं नव्हतं. बराच वेळ तिने तिचे कान कुरवाळले आणि मग हळूच विचारलं, “मॅडम, गाय गाभन नाई राह्यली, तं तुमी पयले काय पाहता?”

“पहिले रेतन पाहते,” मी म्हटलं. “वळूचं बीज चांगलं आहे का, ते बरोबर जपलं गेलं का, वेळेवर भरलं का. मग गाय तपासते.”

“पयले वळू?”

“मग? एका वळूवर शंभर गाई असतात. तोच बिघडला असेल तर गाईंना किती दोष देणार?”

ती हसली. मोकळं हसली, तोंडाला पदर न लावता. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. अमरावतीत तिच्या दोनदा तपासण्या झाल्या, दोन्ही वेळा डॉक्टरांनी सांगितलं, नवऱ्याला घेऊन या. नवरा म्हणजे गजेंद्र. तो काही गेला नाही. माझं वळूवालं बोलणं तिने भोळेपणाने घरी सांगितलं आणि तिथून तिचं दवाखान्यात येणं बंद झालं. मग फोन सासूकडे गेला. मग गोठ्यात जाणं बंद झालं. माहेर धामणगाव रेल्वेला, तिथून उत्तर आलं की निभावून घे. तिला कोणी मारत नव्हतं, उपाशी ठेवत नव्हतं. फक्त एकेक दार लागत गेलं, आणि प्रत्येक दार लावणारा म्हणत होता की हे तुझ्याच भल्यासाठी.

त्यात शंभूला घेऊन गोठेबाबा आले. त्या उन्हाळ्यात गावातल्या बऱ्याच गाई माजावर येत नव्हत्या, आलेल्या उलटत होत्या, म्हणजे रेतन करूनही गाभण राहत नव्हत्या. ऊन भयंकर होतं, चाऱ्यात जीव नव्हता, क्षारांचा खुराक कोणी देत नव्हतं. माज सकाळी दिसायचा आणि मला फोन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायचा. हे मी घसा कोरडा करून सांगत होते. पण खुराक विकत आणण्यापेक्षा शाप मानणं सोपं असतं. बाबा गोठ्यागोठ्यांत फिरले, गाईंच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्यासोबत कौशल्यामाताजी म्हणून एक भगव्या साडीतली बाई होती. ती घरच्यांना “आंघोळ करून दिवा घेऊन या” म्हणून बाहेर पाठवायची आणि गाईजवळ एकटीच जप करत बसायची. “रविवारी पहाटे गाई जागतील,” बाबांनी जाहीर केलं.

आणि रविवारी पहाटे चार गोठ्यांत गाई हंबरायला लागल्या! गावात नारळ फुटले. आणि मग त्याच चार गोठ्यांतून मला फोन आले, “म्याडम, लवकर या, गाय माजावर हाये.” चमत्कार बाबाचा, रेतन सरकारचं.

मी सकाळपासून त्या चारही गाईंमागे होते. उन्हाळाभर मुक्या राहिलेल्या गाई एकाच पहाटे कशा बोलायला लागल्या, हे मला खटकलं होतं. त्यात माताजींच्या जपानंतर एका गाभण गाईचा गाभ गेला होता, तेही खटकलं होतं. पण त्याचा ठपका कोणावर ठेवायचा ते गावाने ठरवून टाकलं होतं. पौर्णिमाची सावली.

तर असा तो रविवार. हातपाय धुऊन मी तशीच मांडवाकडे आले होते.

माताजीने पौर्णिमाच्या दंडाला धरून उठवलं. “चाल बाई. गोमातेच्या पायापाशी सारं ठीक होईन.”

“थांबा,” मी म्हणाले. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. “ती कुठेही जाणार नाही. तिला विचारलं का कोणी?”

बाबांनी माझ्या गमबुटांपासून डोक्यापर्यंत नजर फिरवली. “आप कौन?”

“ढोरायची डाक्टरीन हाये,” कोणीतरी म्हणालं.

“अच्छा! म्हणजे गोमातेला सुया टोचणारी!” बाबांना आयतंच सापडलं. “बघा भक्तहो. नंदीला बाजूला सारलं, नळकांडीतून वासरं काढायला लागले, आणि मग विचारतात गाई का रुसल्या!”

मागून एक आवाज आला, “ते बुद्धाची हाये. तिले देवाधर्माचं काय समजन?”

“सकाळी तुमच्याच गोठ्यात कोपरापर्यंत हात घातला तेव्हा माझा धर्म नाही आठवला तुम्हाला,” मी म्हणाले. काही लोक हसले. मला वाटलं, जमलं. आता दोन शब्द शहाणपणाचे सांगावे आणि पौर्णिमाला घेऊन निघावं.

तेवढ्यात शंभू वळला.

तो सरळ माझ्याकडे आला. माझ्या उजव्या बाहीला नाक लावलं, एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं. मग मान ताणून, ओठ दुमडून, डोळे मिटून उभा राहिला.

मी बाबांकडे पाहिलं. क्षणभर बाबासुद्धा गोंधळले होते, हे त्यांच्या ठरलेल्या कार्यक्रमात नव्हतं. पण माणूस मुरलेला. लगेच माइक तोंडाशी धरला. “दुसरी! दुसरी सापडली! म्हणूनच इतका जोर करून राहिली होती!”

“लग्न नाई केलं म्हनते तिनं,” एक बाई ओरडली.

“हिच्याच हातानं गाई उलटून राहिल्या!”

“बसवा हिलेबी जीपमंदी!”

रांगा मोडल्या. माणसं चहूबाजूंनी पुढे आली आणि माझ्याभोवती कडं झालं. ज्याच्या म्हशीसाठी मी चिखलात गुडघे टेकले होते तो माणूस त्यात होता. माझ्या स्कूटीची किल्ली कोणीतरी काढून घेतली होती, ती एका पोराच्या हातात फिरत होती. मी एका बाजूने वाट काढायला गेले, तिथे खांदे जुळले. दुसऱ्या बाजूला वळले, तिथेही जुळले. मी घाबरले. पुस्तकात वाचलेलं सगळं खरं असूनही त्या गर्दीत माझ्या बाजूने एकही माणूस नव्हता, आणि खरं काय ते सांगायला लागणारा वेळ मला कोणी देणार नव्हतं. पौर्णिमा माझ्या शेजारी उभी होती. ती हळूच म्हणाली, “मॅडम, तुमी काहून आल्या वो?”

त्या प्रश्नाने माझं डोकं ठिकाणावर आलं. शंभू माझ्याकडे काहून आला?

बाबा खोटा होता, पण वळू खोटा नव्हता. वळूला सत्संग कळत नाही, पाप कळत नाही, लग्न झालं की नाही हे तर अजिबात कळत नाही. त्याला एकच कळतं, माजावर आलेल्या गाईचा वास. आणि तो वास माझ्या बाहीला होताच! सकाळपासून चार गाईंचा चिकट स्राव त्या बाहीवर सांडला होता. कोपरापर्यंत हातमोजा असला तरी कुडत्याला लागतंच. मी हात धुतले होते, बाही नाही.

मग पौर्णिमाकडे तो वास कुठून आला? तिला तर गोठ्याची बंदी. सकाळी डोक्यावरून आंघोळ, नवी साडी. तिच्या अंगावर बाहेरून आलेली वस्तू एकच होती, ती म्हणजे पदरातली ओटी.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या भागात डोहाळजेवण असो की बारसं, मूल नसलेल्या बाईच्या ओटीला शेवटी हात लागतो, कधीकधी लागतच नाही. त्या दिवशी माताजीने गावातल्या सगळ्या बायकांना सोडून पहिली ओटी पौर्णिमाची भरली होती. सगळ्यांदेखत, खण हातात देऊन, वर बाबांनी गोमूत्र शिंपडून. बायकांनी डोळे पुसले होते म्हणे. पौर्णिमाने तर माताजीचे पाय धरले होते. इतक्या वर्षांनी कोणीतरी तिला मान दिला होता. मग तो खण ओला का, चिकट का, हे ती कशाला बघेल? तिचं सगळ्यात दुखरं ठिकाण शोधून त्यांनी तिथेच गळ टाकला होता. मला असा संताप आला की भीती मागे पडली.

“बरं,” मी दोन्ही हात वर करून म्हणाले. “मला मान्य आहे.”

कडं थबकलं.

“शंभूने सांगितलं ते मान्य. येते मी जीपमधून. पण महाराज आपल्या गावाचे पाहुणे आहेत. पाहुण्याचा सत्कार केल्याशिवाय गाव त्यांना जाऊ देतं का? एवढं तरी करू द्या मला.”

सत्काराला नाही म्हणणारा माणूस आपल्याकडे अजून जन्माला यायचा आहे. बाबांनी मान किंचित झुकवली, म्हणजे हार घालायला सोपं जावं इतकी. लोकांनी वाट दिली. मी पौर्णिमाच्या पदरातून नारळ घेतला आणि खण उचलला.

“तो खन नको!” माताजी किंचाळली.

आवाज इतका फाटका होता की घंटावाल्याचा हातही थांबला. पण तोवर मी पाराच्या पायरीवर होते. खण उलगडून मी बाबांच्या खांद्यावर पसरला, झेंडूच्या हारांखाली नीट खोचला आणि नमस्कार करून बाजूला झाले.

शंभूला बोलवावं लागलं नाही. दोन पायऱ्या त्याने एका ढेंगेत ओलांडल्या.

आधी त्याने बाबांचा खांदा हुंगला. मग मान ताणून हसला. पोरांनी सवयीने “हसला!” म्हणून आरोळी ठोकली आणि मधेच गिळली. बाबा म्हणाले, “हट! शंभू, हट!” शंभूने त्यांची मान चाटली. बाबा मागे सरकले, तर शंभूने आपली हनुवटी त्यांच्या पाठीवर टेकवली आणि पुढचे दोन पाय उचलायची तयारी केली.

ज्यांनी कधी गुरं राखली आहेत त्यांना या तयारीचा अर्थ सांगावा लागत नाही. आधी ट्रॉलीवरची पोरं फुटली, मग बाप्ये, मग तोंडाला पदर लावून बायका. गोठेबाबा गादीला वळसे घालत पळत होते, शंभू इमानाने मागे, आणि माइक चालूच असल्यामुळे “माताजी, पकड! अगं पकड!” हे सगळ्या गावाला ऐकू जात होतं.

“खण फेका!” मी ओरडले. “महाराज, आधी खण फेका!”

त्यांनी हारासकट खण उपटून मैदानात भिरकावला. शंभूने तत्काळ बाबांचा नाद सोडला, खाली उतरला, खणापाशी गेला, हुंगलं, आणि मातीत पडलेल्या त्या हिरव्या कापडाकडे बघून पुन्हा हसला.

मी माइक घेतला. “आता या खणालाही पोर होत नाही म्हणून मठात न्यायचं का?”

महादेवराव उठले. पौर्णिमाचे सासरे, सगळी हयात बैलं-गाईंमध्ये गेलेला माणूस. शंभूची वेसण एका हाताने धरून त्यांनी दुसऱ्या हाताने खण उचलला. कापडाची एक घडी बोटांत चोळून बोटं अलग केली. मधे काचेसारखी तार ताणली गेली. त्यांनी ती नाकाशी नेली आणि त्यांचा चेहरा उतरला.

“हे तं माजाचं पानी हाये,” ते म्हणाले.

“बराबर,” मी म्हणाले.

“वळू माजाच्या गाईपाशी ओठ वर करते, हे आमाले लहानपनापासून मालूम हाये, बाई. पन बाईमानसापाशी कसा करन? म्हनून तं आमी...”

“काका, तुम्हाला अर्धं मालूम होतं, आणि बाबांनी तुमच्या त्या अर्ध्या ज्ञानावरच दुकान लावलं. वळू पापाला हसत नाही. तो हसतच नाही! ओठ दुमडून तो वास आत ओढून घेतो. त्याच्या टाळूच्या वर वास ओळखायची एक वेगळी जागा असते. गाय माजावर येते तेव्हा तिच्या बीजकोशातून ईस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं. त्यानेच ती हंबरते, चारा सोडते, दुसऱ्या गाईवर उड्या घेते, आणि तिच्या लघवीला, स्रावाला तो वास येतो. वळूच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन असतं, ते त्याला त्या वासामागे पळवतं. तुमचा खच्ची केलेला बैल आणून उभा करा, तो एवढा नाद करणार नाही. बाकी बायकांच्या ओटीवर साधं गोमूत्र शिंपडलं, हिच्या खणाला माजाचं पाणी लावलं. एवढाच चमत्कार.”

“मंग गाई कशा जागल्या?” ज्याच्या गाईचं मी सकाळी रेतन केलं होतं तो माणूस म्हणाला. त्याच्या आवाजात अजून आशा होती. माणसाला फसलो हे पटकन मान्य करवत नाही.

माताजीच्या शेजारी बसलेल्या आशाबाई, गावच्या अंगणवाडीच्या सेविका, त्यांनी तोवर माताजीची झोळी ओढून घेतली होती. त्यांनी ती तिथेच उपडी केली. प्लास्टिकच्या पिशवीत माजाच्या पाण्याने चिकट झालेलं एक फडकं, सुया, आणि औषधाच्या रिकाम्या काचेच्या बाटल्या. मी एक उचलून नाव वाचलं. तेच औषध माझ्या कपाटातही असतं.

“कधीकधी गाईच्या बीजकोशावर एक पिवळी गाठ टिकून राहते,” मी सांगितलं. “ती रक्तात दुसरं संप्रेरक सोडते, आणि ते माजाला थांबवून धरतं. या सुईने ती गाठ विरघळते आणि गाय दोन-तीन दिवसांत माजावर येते. जप करायला तुम्हाला बाहेर पाठवत होते ना? तेव्हा ही सुई टोचली. जिला लागू पडली तो चमत्कार, जिला नाही पडली तिच्या मालकाची श्रद्धा कमी. आणि गाय गाभण असताना ही सुई दिली तर गाभ पडतो. या आठवड्यात ज्यांच्या गाईचा गाभ गेला त्यांनी हिच्या सावलीला शिव्या देणं बंद करा.”

आता बाबांचा शोध सुरू झाला. ते जीपपर्यंत पोहोचले होते. पण मघाशी माझ्या स्कूटीची किल्ली फिरवणाऱ्या पोराने जीपचीही काढून ठेवली होती. सरपंचांनी जरा कुरकुरत पोलिसांना फोन लावला. जादूटोणाविरोधी कायदा आपल्या राज्यात आहे आणि तो बाबांनाही लागू आहे, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं.

बायका माताजीवर तुटून पडायच्या बेतात होत्या. तिने पळायचा प्रयत्न केला नाही. पालथ्या झोळीपाशी ती मटकन बसली आणि म्हणाली, “मलेबी असाच हसला होता थो.”

“कोण?”

“याच्या पयलेचा वळू. माह्याबी ओटीत खन होता. लय खुश झालतो मी. मठात गेलो, आन् मांगून नवऱ्यानं दुसरी केली. मले खरं मालूम पडलं तवा वापस जायाले घरच नोतं राह्यलं. मंग इथंच राह्यलो.” तिने मान वर केली नाही. “तिथं आनखी बाया हायेत. शेन काढतेत, दूध काढतेत. फाटकाले कुलूप नसते. कुलपाचं कामच नाई पडत.”

तिचा मला राग होता, अजून आहे. पण मला तिच्याकडे बघवेना. एक बाई आणि एक गाय, दोघींचं दावं एकाच माणसाच्या हातात. गाईला निदान माहीत असतं की आपण बांधलेलो आहोत.

इथे गोष्ट संपायला हवी होती. बाबा पकडला गेला, लोक शरमले, सून घरी गेली, छान. पण पौर्णिमाची सासू, लीलाबाई, कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “बाबा असन खोटा. खन असन खोटा. पन हिचं पोट तं रिकामंच हाये ना? ते तं खरं हाये!”

आणि गर्दीतल्या कितीतरी माना हलल्या. मी पाहिल्या. मघाशी बाबावर हसलेल्या माना होत्या त्या. वळू, खण, सुई सगळं उलगडून दाखवलं होतं, आणि पौर्णिमा जिथे होती तिथेच होती. जीपमध्ये बसणं टळलं, पण घराचं दार लागलेलंच. आणि हा प्रश्न गुरांच्या डॉक्टरचा नव्हता.

पौर्णिमाच बोलली.

“रिकामं हाये, आत्याबाई. काहून रिकामं हाये ते पाह्याले मी दोनदा गेलो अमरावतीले. तपासाले. डाक्टर म्हने, नवऱ्याले आना.” माइक माझ्या हातात तसाच चालू होता आणि ते सगळं पारावरून गावभर जात होतं. “मले वळूपुढं बसवलं तुमी साऱ्या गावासमोर. मी बसलो. याईले एकदा डाक्टरपुढं बसाले सांगा. दार लावून. कोनालेच नाई दिसनार.”

गजेंद्र मागे, खांबाला टेकून उभा होता. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या आणि त्या माणसाचा चेहरा मी पाहिला. इतकी वर्षं त्याला भीतीच वाटत होती. आपल्यातच काही निघालं तर, या एका भीतीपायी त्याने बायकोला जीपमध्ये बसू दिलं असतं. त्याची कीव आली म्हणणार नाही मी. पण भीती कळली, कारण थोड्या वेळापूर्वी त्याच गर्दीच्या मधोमध मी उभी होते.

“मी घरी येत नाई,” पौर्णिमा म्हणाली. “तुमी दवाखान्यात येसान, तवा मी येतो.”

“काय बोलून राह्यली वो, लाजशरम?” लीलाबाई पुढे झाल्या.

“तू चूप राह्य,” महादेवराव म्हणाले. खण अजून त्यांच्या हातात होता. “गजा, उद्याच जाय. आमी गोऱ्हा इकत घेतो तं त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. पोरीले आनलं तवा तिचीच पत्रिका पाह्यली, आन् तिलेच तपासलं. चुकलं आपलं.”

ती रात्र पौर्णिमा आशाबाईंकडे राहिली. दुसऱ्या दिवशी गजेंद्र गेला की नाही, अमरावतीच्या डॉक्टरांनी काय सांगितलं, हे मला माहीत आहे. मी सांगणार नाही. तुम्हाला जाणून घ्यायची जी घाई झाली आहे ना, दोष कोणाचा निघाला म्हणून, त्याच घाईवर गोठेबाबांचं पोट चालतं. शरीरात बिघाड असतो, त्याला दोष म्हणत नाहीत. बीजकोशाचा असो की बीजाचा, तो तपासता येतो, बऱ्याचदा बरा करता येतो, आणि नाहीच झाला तरी त्यासाठी कोणाला घराबाहेर काढता येत नाही.

मठावर पोलीस गेले. तिथल्या काही बायका घरी परतल्या, काहींना घराने घेतलं नाही. शंभू सध्या माझ्या देखरेखीखाली आहे. सज्जन प्राणी आहे. लीलाबाई माझ्याशी अजून बोलत नाहीत. गाय माजावर आली की मात्र न चुकता फोन करायला लावतात, आणि आता वेळेवर.

तुमच्या गावातही कोणीतरी येईल. त्याच्याकडे वळू नसेल, नाग असेल, दिवा असेल, लिंबू असेल, एखादं यंत्रसुद्धा असेल. तो डोळ्यांदेखत काहीतरी करून दाखवेल आणि तुम्हाला ते खरंच दिसेल, कारण डोळे खोटं बोलत नाहीत. तेव्हा हात जोडण्याआधी एवढंच म्हणा, “महाराज, पुन्हा करून दाखवा. या वेळी सामान आमचं.” जे खरं असेल ते दहा वेळा होईल. आणि तोवर, कोणाच्याही सांगण्यावरून, आपल्या घरातल्या बाईला गाडीत बसवू नका.